पाबे घाटातली चार मिनिटं

मागच्या वर्षी मी झाडूगाडीत बसले होते. हे आधीच कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं सगळं ताठ मानेनं सांगता येईल.

झाडूगाडी हा माझा शब्द. आयोजक तिला स्वीप व्हेइकल म्हणतात. सायकल शर्यतीच्या सगळ्यात मागून एक टेम्पो येतो. ठरलेल्या वेळेत ठरलेल्या जागी जे पोचत नाहीत त्यांना तो गोळा करतो, त्यांच्या सायकली एकमेकींवर आडव्या रचतो आणि माणसांना शेवटच्या कमानीपाशी नेऊन सोडतो. मी तेव्हा पाबे घाटाच्या माथ्यापासून तीनएकशे मीटर खाली होते. पायांत जीव होता. शेजारी टेम्पो थांबला, त्यातून एक दाढीवाला आयोजक उतरला आणि इतक्या मायेनं म्हणाला, "काकू, बसा ना आता. पुढे जेवण आहे," की मी बसले. तीस वर्षं दहावीला गणित शिकवणारी बाई, जिच्या चष्म्याच्या वरच्या कडेवरून आलेल्या नजरेला सबंध मागचा बाक घाबरतो, ती जेवणाच्या नावावर टेम्पोत चढली.

त्यातून कमानीपाशी उतरले तर लोकांनी टाळ्या वाजवल्या. समजूतदार टाळ्या. आजारातून उठलेल्या माणसाला पहिल्यांदा फाटकापर्यंत चालताना बघून वाजवतात तशा. त्यापेक्षा कुणी "काय हो, दमलात?" असं खास पुणेरी विचारलं असतं तर मी त्याचे आभार मानले असते.

तेव्हा ह्या वर्षी माझं एकच म्हणणं होतं. शेवटची येईन, रडत येईन, पण येईन ती माझ्या दोन चाकांवर. टेम्पोला चार असतात, ती त्याची त्यालाच लखलाभ.

हे मी घरी जाहीर केलं तेव्हा आमचे गृहस्थ पेपर वाचत होते. आम्ही नारायण पेठेत तिसऱ्या मजल्यावर राहतो, इमारतीला लिफ्ट नाही, त्यामुळे सायकल रोज खांद्यावरून वर येते आणि खाली जाते.

"शर्यत कशाला हवी?" ते पेपरातून मान न काढता म्हणाले. "जिन्यातच रोज एक घाट होतो की."

"अहो, वय चोपन्न आहे माझं. आत्ता नाही तर कधी?"

"चोपन्नाव्या वर्षी माणसं जुन्या साड्या बोहारणीला देतात. नवीन हट्ट नाही घेत."

ह्याला आमच्याकडे प्रोत्साहन म्हणतात. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या सायकलच्या साखळीला न सांगता तेल घातलेलं दिसलं, आणि त्याबद्दल दोघांनीही काही बोलायचं नाही हे आपोआप ठरलं.

नाव नोंदवायला गेले तर टेबलाशी तोच दाढीवाला. हा हिंजवडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. पाच दिवस बसमधून ऑफिसला जातो आणि शनिवार-रविवार इतरांना घाटात चढवतो. त्यानं मला ओळखलं आणि अगदी मनापासून आनंदला.

"काकू, ह्या वेळी फन राइड घ्या ना. बारा किलोमीटर, टोटल फ्लॅट. मेडल सेम आहे. सेल्फी पॉइंट पण आहे."

"मेडल सेम असेल तर सगळ्यांनाच तिकडे पाठवा. तुमचा त्रास वाचेल."

"तसं नाही काकू. पाबेला कटऑफ आहे. साडेआठला माथ्यावर नाही पोचलात तर नंबर परत घ्यावा लागतो. रूल आहे. मला वाईट वाटतं मग."

"मागच्या वर्षी वाटलेलं दिसलं नाही."

तो हसला. मी रकान्यात ठळक अक्षरांत 'शर्यत' लिहिलं आणि खाली रेघ ओढली.

शर्यत दोन दिवसांची. शनिवारी सिंहगडाचा चढ, एकेकानं, घड्याळाशी. तीस-तीस सेकंदांनी एकेकाला सोडतात आणि वर कोण किती वेळात पोचतो ते बघतात. मला सोडल्यावर पहिल्याच वळणात माझ्यामागच्या तिघांनी मला गाठलं, सभ्यपणे "राइट, मॅडम" म्हणत उजवीकडून गेले आणि पुन्हा दिसले नाहीत. नंतर मी, माझा श्वास आणि रस्ता. मध्यावर गड उतरून येणारं एक कुटुंब दिसलं. त्यातल्या आजोबांनी थांबून माझ्याकडे नीट पाहिलं.

"ताई, वर जायला जीप मिळते खालून."

"माहिती आहे."

"मग?"

ह्या 'मग'ला उत्तर द्यायला दम हवा होता आणि तो मी चढासाठी राखून ठेवला होता. वर पोचले तेव्हा मडक्यातलं दही विकणाऱ्या बायकांनी मला सावलीला बसवलं आणि माझा चेहरा बघून आपापसात चर्चा केली. संध्याकाळी यादी लागली. माझ्या वयोगटात आम्ही दोघी होतो. घरी मी सांगितलं, दुसरी आले. हे शब्दशः खरं आहे आणि त्याहून जास्त कुणी विचारलं नाही.

खरी परीक्षा रविवारी. डोणज्याजवळच्या एका मंगल कार्यालयाच्या मैदानातून निघायचं, खानापूर, तिथून पाबे घाट चढून पलीकडे उतरायचं, वेल्ह्यापर्यंत जाऊन वळायचं आणि त्याच वाटेनं, तोच घाट उलट्या बाजूनं चढून परत. साडेसहाला सुरुवात. साडेआठच्या आत घाटाचा माथा. मी हिशेब करून ठेवला होता, गणिताची बाई आहे. खानापूर सात. तिथून घाटाला एक तास दहा मिनिटं. म्हणजे आठ दहा. वीस मिनिटं हातात.

आता इथं आमच्या रविवारच्या मंडळींबद्दल सांगायला हवं, कारण ती वीस मिनिटं आम्ही सगळ्यांनी मिळून प्यायलो.

आम्ही चौघं. मी. एक दंतवैद्य, जे चढावरही तोंड मिटून श्वास घ्यायला सांगतात. मंडईतले एक नारळाचे व्यापारी, ज्यांच्या मते पंक्चर हा माणसाच्या स्वभावाचा दोष आहे. आणि एक निवृत्त बँक अधिकारी, सगळ्यांत मोठे आणि सगळ्यांत हळू. अकरा वर्षं दर रविवारी आम्ही खानापुरापर्यंत जातो. तिथं रस्त्याकडेला एका बाईंचं पत्र्याचं चहाचं दुकान आहे. अगदी सुरुवातीला एकदा आम्ही तिघं चहा पिऊन पुढे गेलो होतो आणि बँकवाले मागे साखळी तुटून दोन तास एकटे बसले होते. त्यानंतर त्यांनीच नियम केला, वहीत लिहून आमच्या सह्या घेतल्या: शेवटचा माणूस येऊन त्याचा चहा होईपर्यंत कुणीही दुकानापासून हलायचं नाही. अकरा वर्षांत हा नियम एकदाही मोडला नाही. नियम मोडल्याशिवाय पुण्यात रस्ता ओलांडता येत नाही हे लक्षात घेतलं तर हे मोठंच आहे.

तर शर्यतीच्या रविवारी सात वाजता मी, दंतवैद्य आणि नारळवाले एकामागोमाग त्या दुकानापाशी आलो. तिघांचेही हात ब्रेकवर गेले. मी शपथेवर सांगते, मी ठरवलं नव्हतं. पाय खाली टेकले तेव्हा समोर चार पेले ओतून तयार होते.

"या बाई," दुकानवाल्या म्हणाल्या. "निवंल. आज एवढी गर्दी कशापायी हाय? शंभर सायकली ग्येल्या, एकानं बी च्या घेतला न्हाई."

"शर्यत आहे," दंतवैद्य म्हणाले, आणि बाकावर बसले.

"आनि तुम्ही?"

"आम्हीपण आहोत शर्यतीत," मी म्हणाले, आणि पेला उचलला.

त्यांनी आमच्या छातीवरचे नंबर वाचले आणि जास्त काही विचारलं नाही. शहाण्या बाई आहेत.

पहिल्या घोटानंतर तिघांच्याही डोक्यात एकदमच उजेड पडला. नारळवाल्यांनी घड्याळ पाहिलं. "निघायला पाहिजे," ते म्हणाले.

"हो," मी म्हणाले.

कुणी उठलं नाही. चौथा पेला टेबलावर वाफाळत होता. रस्त्यावर मागे नजर जाईल तिथपर्यंत बँकवाल्यांचा पत्ता नव्हता.

"शर्यतीच्या दिवशी नियम लागू नसावा," नारळवाले म्हणाले.

"असं लिहिलंय का वहीत?" दंतवैद्यांनी विचारलं.

"नाही लिहिलेलं."

"मग लागू आहे."

"तुम्ही दोघं जा," मी म्हणाले. "मी थांबते." ते दोघं माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी त्यांच्या घरच्यांबद्दल काही वाईट बोलले असावे. माझ्या डोक्यात वीसचे पंधरा झाले, पंधराचे दहा झाले. तो टेम्पो मला तिथं बसल्या बसल्या दिसत होता, निळ्या ताडपत्रीचा. तरी उठले नाही. ज्या तिघांनी आजवर मला एकदाही 'काकू, बसा ना' म्हटलं नाही, त्यांच्यातल्या एकाला मागे टाकून मला कुणाला काय दाखवायचं होतं?

सात वाजून चौदा मिनिटांनी बँकवाले आले. आम्हाला बाकावर बघून त्यांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल.

"शर्यतीत थांबलात? मूर्ख आहात का तिघं?"

"तुमचीच सही आहे वहीवर," दंतवैद्य म्हणाले.

"अहो, पण अक्कल नावाची काही गोष्ट..." ते सायकल लावत बोलत होते. मग त्यांनी पेला हातात घेतला, बाकावर बसले, आणि एक दीर्घ सुस्कारा टाकून म्हणाले, "आता थांबलाच आहात तर एकेक बिस्किट खा. चढ आहे पुढे."

सात बावीसला आम्ही निघालो.

पाबे घाटाचा चढ सरळ मनाचा नाही. रांजणे गावापर्यंत तो तुमच्याशी गोड बोलतो, आणि मग एका वळणानंतर रस्ता समोर भिंतीला टेकून उभा केल्यासारखा येतो. दंतवैद्य आणि नारळवाले तिथं पुढे निघून गेले, आणि मीच त्यांना हातानं 'जा' म्हणून सांगितलं. घाटात थांबायचा नियम नव्हता. मी सगळ्यात हलका गिअर टाकला आणि माळेचे मणी मोजावेत तशी पॅडलं मोजायला लागले. शंभर झाली की पुन्हा एकपासून. मनातल्या मनात मी त्या दाढीवाल्याशी भांडत होते, आणि मला सांगायला आनंद वाटतो की प्रत्येक वळणावर मी जिंकत होते. एका वळणावर तर मी त्याला फळ्यापाशी उभं करून त्रिकोणमिती विचारली.

माथा दिसला तेव्हा घड्याळ बघायची हिंमत झाली नाही. वर तो उभाच होता, हातात घड्याळ, शेजारी पाण्याचं टेबल. मी त्याच्यापाशी पाय टेकला.

"काकू," तो म्हणाला, आणि मला त्याच्या आवाजावरूनच कळलं. "आठ चौतीस. चार मिनिटं."

खाली अख्खं खोरं पसरलं होतं, समोर तोरणा आणि राजगड उभे होते, आणि मला कुणाच्या तरी गळ्यात पडून रडावंसं वाटत होतं. तेवढ्यात त्यानं फार चूक केली. त्यानं आजूबाजूला पाहिलं आणि हळूच म्हणाला, "बघा, मी आठ तीस लिहू शकतो. कुणाला कळणार नाही. तुम्ही पण ना, सीनिअर आहात."

ह्या एका वाक्यानं माझं रडू पार पळालं. तीस वर्षं मी घंटा झाली की पेपर ओढून घेतले आहेत. "बाई, एकच पायरी राहिली" म्हणणाऱ्या किती जणांचे हात बाजूला केले आहेत. त्यांतले काही आता त्याच्याच वयाचे असतील. त्यांना चार मिनिटं दिली नाहीत आणि स्वतः घेऊ?

"आठ चौतीस लिहा," मी म्हणाले. छातीवरच्या चारही पिना काढल्या, कागदाची घडी घातली आणि त्याच्या हातात दिली. "नियम मान्य. मी शर्यतीतून बाद."

त्याचा चेहरा उजळला. "थँक्यू काकू. टेम्पो येतोच आहे मागून. तोवर केळं घ्या."

"केळं घेते. टेम्पो नको."

"म्हणजे?"

"म्हणजे मी वेल्ह्याला जाऊन येणार आहे. रस्ता शर्यतीसाठी बंद केलेला नाही ना? एसटी चाललीय, दुधाच्या गाड्या चालल्यात. मी पण चालले."

"काकू, अजून चाळीस किलोमीटर आहेत. परत येताना हाच घाट त्या बाजूनं. ऊन होईल. आमची माणसं पण सगळं आवरून निघून जातील तोवर. तुम्हाला काही झालं तर?"

"तर माझ्या घरी फोन करा. ते आधी 'मी सांगितलं होतं' म्हणतील आणि मग येतील."

टेम्पो वर आला. ड्रायव्हरशेजारी, खिडकीत कोपर टेकवून, आमचे बँकवाले बसलेले. चेहऱ्यावर अपार समाधान.

"बसा हो," दाढीवाला त्यांना म्हणाला, "म्हणजे, सांगा हो ह्यांना. बसायला."

बँकवाल्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मी पेन्शनर आहे, मिळेल त्या वाहनात बसतो," ते म्हणाले. "ह्यांची नोकरी अजून चार वर्षं बाकी आहे. ह्या ऐकायच्या नाहीत." आणि खिडकीतून त्यांनी आपली भरलेली पाण्याची बाटली माझ्यापुढे धरली.

दाढीवाल्यानं शेवटी एका कागदावर 'स्वतःच्या जबाबदारीवर' असं काहीतरी लिहून घेतलं. मी त्यातली शुद्धलेखनाची एक चूक सुधारून सही केली आणि उतार धरला.

त्या उतारावर मी गात होते. काय ते विचारू नका, मलाही आठवत नाही, पण मोठ्यानं. वेल्हं जवळ आलं तेव्हा दंतवैद्य समोरून परत येताना दिसले. आपल्या नंबराकडे आणि माझ्या मोकळ्या छातीकडे बघून त्यांनी ब्रेक मारला.

"नंबर कुठे गेला?"

"दिला."

"मग पुढे कशाला चाललात?"

"वेल्ह्यात काम आहे," मी म्हणाले आणि थांबले नाही.

वेल्ह्याला पोचले तर वळायची खूण उचलून नेलेली. तिथल्या किराणा दुकानदाराला विचारलं, सायकली कुठून वळत होत्या. त्यानं दाखवलं, समोरच्या विजेच्या खांबापाशी. मी पंधरा पावलं अलीकडे होते. कुणी बघणारं नव्हतं, कुणी मोजणारं नव्हतं, म्हणून मी मुद्दाम खांबापर्यंत गेले, त्याला पूर्ण वळसा घातला आणि दुकानदाराला हात केला. त्यानं गोंधळून हात केला.

परतीचा चढ मला सुशोभित करून सांगता येणार नाही. ऊन वर आलं होतं, सावली नव्हती, उजव्या पोटरीत गोळा आला. दोन वळणं मी सायकल हातात धरून चालले. हेही कबूल. तिसऱ्या वळणाआधी मागून एसटी आली आणि माझ्याशेजारी गती कमी केली. कंडक्टर दारात उभा.

"मावशी, टपावर टाकू का सायकल? डोणज्याला सोडतो."

अख्खी खिडक्यांची रांग माझ्याकडे बघत होती. एका आजींनी आतून हातानं 'या, या' केलं. इतकी माणसं इतक्या चांगुलपणानं मला बसवायला टपली होती की मला हसूच आलं, आणि हसताना पोटरी सुटली.

"नको दादा," मी म्हणाले. "जागा दुसऱ्या कुणाला द्या." आणि त्यांच्यादेखत पुन्हा सायकलवर चढले. चढताना एकदा कलंडले, पण पडले नाही. बस वळणाआड जाईपर्यंत मी उभ्यानं पॅडल मारलं. ती गेल्यावर बसले.

मैदानात पोचले तेव्हा बारा वाजून गेले होते. तंबू उतरवले होते. हवा भरलेली मोठी निळी कमान जमिनीवर आडवी पडली होती आणि तिच्यातली उरलेली हवा काढायला मांडववाले दोघं तिच्यावर बसून विडी ओढत होते. दाढीवाला वायर गुंडाळत होता. मला बघून त्याचे हात थांबले, आणि सवयीनं त्याची नजर मनगटाकडे गेली.

"पाच तास एक्कावन्न," तो म्हणाला. मग म्हणाला, "काकू, मला हे कुठे लिहिता येणार नाही."

"लिहू नका. ऐकलं मी."

मांडववाल्यांतल्या एकानं माझ्याकडे आणि कमानीकडे पाहिलं. "मावशी, संपलं ना सगळं. बाजूनं या. तिकडं मोकळं हाय."

"शेवटची रेघ कुठे होती?"

"ही काय, हिच्याखाली."

"मग इथूनच येते. जरा पाय वर घ्या."

दोघांनी पाय वर घेतले. अर्धवट हवा असलेल्या कापडावरून सायकल चालवणं फार कठीण असतं. पुढचं चाक आत रुततं, मागचं घसरतं आणि आतली हवा फुसकन एका बाजूनं पळते. मध्यावर सायकल जवळजवळ थांबलीच. दाढीवाला हात पुढे करून दोन पावलं आला.

"धरू नका," मी म्हणाले.

त्यानं हात मागे घेतला. मी पॅडल दाबलं, चाक वर आलं, आणि निळ्या कापडावर दोन चाकांची मातकट रेघ ओढून मी पलीकडे उतरले.